ठोका चुकतो तेव्हा: धडधडीच्या गोळ्या काय काम करतात आणि त्या मनाने का बंद करायच्या नाहीत



ग्रामसंघाच्या बैठकांत बीपी-शुगरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. गाव वेगळं, तोंड वेगळं, प्रश्न तोच. "छातीत धडधड करायलंय म्हणून डॉक्टरनं गोळी दिल्ती. आता धडधड थांबली. मग गोळी थांबवू का?" काहीजणींनी विचारायच्या आधीच थांबवलेली असते. एका काकूंनी तर उरलेल्या गोळ्या जावेला दिल्या होत्या, कारण जावेलाही धडधड होत होती! घरात वस्तू वाया जाऊ द्यायची नाही ही आपली सवय चांगली आहे, पण गोळ्यांना ती लावू नका. काकूंची धडधड वेगळी आणि जावेची वेगळी. एकीला जी गोळी तारते ती दुसरीला बाधू शकते.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. त्यामुळे कुणी कोणती गोळी किती घ्यायची हे मी सांगणार नाही. पण दवाखान्यातून आपल्या हातात जी पाकिटं पडतात, त्यातली कोणती काय काम करते, कशाने बिघडते आणि ती बंद केली तर काय होतं, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.

आधी ठोका

आपलं हृदय विजेवर चालतं. ही बाहेरची वीज नाही, हृदयाची स्वतःची. हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यात एक बारीकशी जागा आहे, तिथून दर ठोक्याला विजेचा इशारा निघतो. तो आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मग मध्ये एका नाक्यावर क्षणभर थांबतो, मग खालच्या कप्प्यांत जातो. वरचे कप्पे आवळतात, मग खालचे आवळतात, आणि रक्त पुढे जातं. निवांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. दिवसाचे साधारण एक लाख होतात.

लेझीम पथकात हलगीवाला एक असतो आणि बाकी सगळे त्याच्या तालावर पाय टाकतात. हलगी नीट वाजली तर शंभर जणांचं पथक एका माणसासारखं चालतं. ठोक्याचा आजार म्हणजे हा ताल बिघडणं. कधी हलगी फार जोरात वाजते, कधी फार हळू. कधी पथकातलेच दहा जण आपापली हलगी वाजवायला लागतात आणि कुणाचा पाय कुणाला जुळत नाही.

नाडी बघायला शिका, अवघड नाही. डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला उजव्या हाताची दोन-तीन बोटं हलकी टेकवा. अंगठा टेकवू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा बघाच, पण ताल पण बघा. ठक-ठक-ठक सारख्या अंतराने येतंय, की ठक-ठक… ठक… ठकठक… ठक असं कशाचा कशाला मेळ नाही? दुसऱ्या प्रकारची नाडी लागली तर दुखत नसलं, धडधड होत नसली तरी ईसीजी काढून घ्यायचा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर हे वाचून सगळ्याजणी घाबरतील. धडधड होणाऱ्या प्रत्येकीला ठोक्याचा आजार नसतो. अंगात रक्त कमी असलं तरी हृदय जोरात पळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला, म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाचजणी. थायरॉईड वाढलं तरी धडधड होते. मिश्री, तंबाखू, रिकाम्या पोटी कडक चहा, जुलाब-उलट्यांनी अंगातले क्षार जाणं, रात्रीची झोप उडवणारी काळजी, यानेही होते. चांगल्या तब्येतीच्या माणसालाही अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. अशा वेळी औषध मूळ कारणाला द्यायचं असतं, ठोक्याला नाही. म्हणून डॉक्टर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी आणि गरज वाटली तर टूडी इको करायला सांगतात. "नुसत्या धडधडीला एवढ्या तपासण्या कशाला" असं म्हणून त्या टाळू नका. गोळी कोणती द्यायची हे त्यावरूनच ठरतं.

आणि ईसीजी धडधड चालू असतानाच निघाला तर सगळ्यात चांगलं. थांबल्यावर काढला तर पट्टी सरळ येते, मग घरचे म्हणतात, "काही नाही, टेन्शन आहे." काही जण तर बाहेरचं म्हणून मोकळे होतात.

लहानपणीचा घसा आणि चाळिशीतला लकवा

आपल्या भागातल्या बायांमध्ये ठोका बिघडण्याचं एक मोठं कारण लहानपणी सुरू झालेलं असतं. साधारण ५ ते १५ वर्षांच्या लेकराचा घसा एका ठराविक जंतूने सुजतो. नीट औषध झालं नाही तर काही लेकरांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना इजा होऊन राहते. पुढे वर्षानुवर्षं झडप आकसत जाते. आपल्याकडे लोक म्हणतात, "वॉल खराब झालाय." दाटीवाटीचं घर, गरिबी आणि दवाखाना लांब असेल तिथे हा आजार जास्त. झडप आकसण्याचा प्रकार बायांमध्ये अधिक दिसतो, आणि पुष्कळदा तो कळतो बाळंतपणात, दम लागायला लागल्यावर.

झडप आकसली की वरचा डावा कप्पा ताणून मोठा होतो आणि तिथे तालाचा गोंधळ सुरू होतो. वरचे कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरतात. याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, केसपेपरवर बहुतेक वेळा 'एएफ' एवढंच लिहितात. झडप चांगली असली तरी वय, बीपी, थायरॉईड, जुना हार्ट अटॅक यामुळेही एएफ होतो.

यात धडधडीपेक्षा मोठा धोका दुसराच आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त पुढे सरकत नाही, साचतं. साचलेलं रक्त गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की एका क्षणात तोंड वाकडं, हात-पाय लुळे, वाचा बंद. आपण म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." साध्या एएफमध्ये लकव्याचा धोका निरोगी माणसाच्या सुमारे पाच पट असतो. आकसलेली झडप आणि एएफ दोन्ही असतील तर सुमारे सतरा पट. हे आकडे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातले आहेत.

म्हणजे धडधड थांबली तरी गुठळीचा धोका संपलेला नसतो. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी थांबवणाऱ्या ताईला हेच कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं गोळी धडधडीची होती. तिच्या पाकिटातली एक गोळी धडधडीची होती, आणि दुसरी लकवा टाळायची.

तीन कामं, तीन प्रकारच्या गोळ्या

ठोक्याच्या आजारात औषधं तीन कामांसाठी देतात. पहिलं, फार पळणाऱ्या हृदयाचा वेग कमी करणं. दुसरं, बिघडलेला ताल परत जागेवर आणणं आणि तिथे टिकवणं. तिसरं, गुठळी होऊ न देणं. एकाच बाईला तिन्ही लागतील असं नाही. पुष्कळदा डॉक्टर ताल तसाच ठेवतात, फक्त वेग आवरतात आणि रक्त पातळ करायची गोळी देतात. ही अर्धवट ट्रीटमेंट नाही, बऱ्याच रुग्णांसाठी तीच योग्य असते.

तिसऱ्या कामाच्या गोळीबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

तिची गोष्ट गुरांपासून सुरू होते. शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्त वाहून मरायला लागली. शिंग कापलं, किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला चारा. तिथे स्वीट क्लोव्हर नावाचा लसूणघासासारखा चारा असतो, तो ओला राहून सडला की त्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फात गाडी हाकत मेलेली कालवड, तो चारा आणि डबाभर न गोठलेलं रक्त घेऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या माणसांनी काही वर्षांत ते द्रव्य वेगळं काढलं. त्यावरून पुढे वॉरफरिन बनलं. १९४८ ला ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळालं. बुरशी लागलेला कडबा गुरांना घालू नये हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. त्यातूनच एक औषध निघालं.

"उंदराचं औषध माणसाला देतात" असं कुणी सांगून घाबरवलं तर ही गोष्ट सांगा. मात्रा मोजून दिली की औषध, न मोजता दिली की विष.

आपल्याकडे वॉरफरिन किंवा त्याच्याच जातीची ॲसेनोकुमारॉल ही गोळी देतात. मेडिकलवर ॲसिट्रोम नावाने तीच मिळते. या गोळीची अडचण अशी की तिची मात्रा प्रत्येकीला वेगळी लागते, आणि त्याच बाईला उन्हाळ्यात वेगळी, हिवाळ्यात वेगळी लागू शकते. म्हणून रक्ताची एक तपासणी करत राहावी लागते, तिला पीटी-आयएनआर म्हणतात. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. एएफच्या रुग्णाचा सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. २ च्या खाली गेला तर गुठळीचा धोका, बराच वर गेला तर रक्तस्रावाचा. कृत्रिम झडप बसवलेली असेल तर आकडा वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

आता नव्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना ही तपासणी लागत नाही. मग जुन्याच गोळीवर का ठेवतात, गरीब म्हणून का? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस नावाच्या अभ्यासात आहे. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण, सगळ्यांना संधिवाताच्या तापाने झालेला हृदयाचा आजार आणि एएफ. दर दहात सात बाया होत्या. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन त्याच्या प्रमुख संशोधकांत होते. अर्ध्यांना नवी गोळी रिव्हारोक्साबॅन दिली, अर्ध्यांना जुनी. सगळ्यांना वाटत होतं नवी गोळी निदान बरोबरीची ठरेल. झालं उलट. जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही त्यामानाने वाढला नाही. तेव्हा झडप खराब असलेल्या ताईला स्वस्तातली जुनी गोळी दिली जाते ती हलकी म्हणून नाही. झडप चांगली असताना झालेल्या एएफमध्ये मात्र नव्या गोळ्या चांगल्या चालतात. तिथे डॉक्टर ठरवतील. ॲस्पिरिनची बारीक गोळी ही या दोन्हीची बदली नाही, हेही लक्षात असू द्या.

आता रोजच्या जगण्यातल्या गोष्टी.

पालेभाजी. मेथी, पालक, शेपू, करडईची भाजी, हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीचा जोर कमी करतं. म्हणून काहीजणींना कुणीतरी सांगतं की पालेभाजी कायमची बंद. तसं करायची गरज नाही, उलट ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी त्यांचं नुकसानच. नियम एवढाच की प्रमाण सारखं ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि हिवाळा लागला की पंधरा दिवस दोन वेळा भाजी, असं नको.

अंगदुखीच्या गोळ्या. कापूस वेचून, सोयाबीन काढून कंबर धरते, दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेनची गोळी आणून आपण मोकळ्या होतो. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव ओढवून घेणं. दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. जुलाबाला दिली जाणारी मेट्रोनिडाझोल, बुरशीच्या आजाराची फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर वर जातो. टीबीच्या रिफाम्पिसिनने खाली येतो. म्हणून कुठलाही दवाखाना असो, केसपेपर निघताना पहिलं वाक्य हेच: "मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

सुई. "एक सुई मारा डॉक्टर, लवकर बरं वाटतं" ही आपली आवड. ही गोळी चालू असताना दंडात किंवा कमरेत सुई घेतली तर आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. सुई मारणाऱ्याला आधी सांगा.

पाळी. हे बोलायला बाया लाजतात, विशेष करून पुरुष डॉक्टरसमोर. गोळी चालू झाल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं, घड्या पुरेनाशा झाल्या, तर सांगायचं. "औषध आहे, होणारच" म्हणून महिनोन्महिने सोसलं की हिमोग्लोबिन खाली जातं आणि धडधड परत वाढते. बोलायला जमत नसेल तर आशाताईला सोबत न्या. हिरड्यांतून रक्त, काळी डांबरासारखी शी, लाल लघवी, उगीच काळेनिळे डाग, किंवा डोक्याला मार लागला असेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दिवस राहणं. वॉरफरिनच्या जातीच्या गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, विशेष करून सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. तेव्हा बऱ्याचजणींना दिवस गेलेत हेच नक्की कळलेलं नसतं. म्हणून झडपेचा आजार असलेल्या लेकीसुनांनी मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. ते त्या काळापुरतं दुसरं इंजेक्शन देऊ शकतात. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी. पण घाबरून गोळी एकदम मनाने सोडू नका, कारण गुठळीने आईचाच जीव जाऊ शकतो. आणि पाळणा लांबवायचा असेल तर आशाताईकडची माला-एन अशा रुग्णाने घ्यायची नसते, तिने गुठळीचा धोका वाढतो. काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. सासूबाईंनो, हा परिच्छेद सुनेला एकटीलाच वाचायला देऊ नका, तुम्हीही वाचा.

वेग आवरणाऱ्या गोळ्या आणि बिट्टीचं झाड

वेग कमी करायला जास्त करून मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशा 'लॉल'ने संपणाऱ्या गोळ्या देतात. हृदयाला पळायला लावणारा जो रस घाबरल्यावर, धावल्यावर अंगात सुटतो, त्याचा असर त्या कमी करतात. दमा असेल तर आधी सांगायचं, दमा वाढू शकतो. शुगरच्या औषधावर असाल तर शुगर खाली गेल्याची धडधड या गोळीने जाणवत नाही, फक्त घाम येतो. त्याकडे लक्ष ठेवा. आणि ही गोळी एकदम थांबवली तर हृदय उसळी मारून आधीपेक्षा जास्त पळतं, छातीत दुखूही शकतं. बंद करायची असेल तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल याही वेग कमी करणाऱ्याच, पण वेगळ्या जातीच्या. दोन डॉक्टरांनी दोन जातींच्या गोळ्या नकळत लिहून दिल्या तर ठोका फारच मंद होऊ शकतो. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, असं मी म्हणते ते यासाठी.

डिगॉक्सिन ही यातली सगळ्यात जुनी. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांना १७७५ मध्ये अंगावरच्या सुजेवरचा एक घरगुती काढा कळला. तो श्रॉपशायर भागातल्या एका म्हाताऱ्या बाईने गुपित म्हणून जपलेला होता, वीसेक वनस्पतींचा. त्यातली गुणाची वनस्पती फॉक्सग्लव्ह, हे विदरिंग यांनी ओळखलं. दहा वर्षं रुग्णांवर मात्रा मोजून बघितली आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बाईचं नाव त्यांनी पुस्तकात दिलं नाही. बायांच्या कामाची नोंद ठेवायची पद्धत तेव्हाही अशीच होती म्हणायची.

फॉक्सग्लव्ह आपल्याकडे रानात नाही. पण त्याच जातीचं विष आपल्या दारात आहे. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती शाळेच्या कुंपणाला, मंदिरामागे, बांधावर असते. तिच्या बियांतलं द्रव्य डिगॉक्सिनसारखंच हृदयावर काम करतं, पण किती ते मोजता येत नाही. लेकरं बिट्ट्यांनी खेळतात, तोंडात घालतात. असं झालं तर मीठ-पाणी पाजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि झाडाचं नाव सांगा. आणि कण्हेरीच्या मुळीचा, पाल्याचा काढा हृदयाला चांगला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

डिगॉक्सिनचंही तसंच आहे, औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. भूक मरणं, मळमळ, उलट्या, नजरेला सगळं पिवळसर-हिरवट दिसणं, नाडी फार मंद होणं, ही मात्रा जास्त झाल्याची खूण. म्हातारपणी किडनी मंद झाली की गोळी अंगात साठते. सूज उतरवायला लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम कमी होतं आणि डिगॉक्सिन जास्त चढतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्हात काम, त्यात जुलाब लागले तर हा धोका दुप्पट. बरेच डॉक्टर डिगॉक्सिन आठवड्यातले पाचच दिवस घ्यायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर दिवस मोजूनच घ्या, "दोन दिवस राहिलेत, घेऊन टाकते" असं नको.

ताल जागेवर आणणाऱ्या गोळ्या

यात आपल्या भागात जास्त दिसणारी गोळी अमिओडॅरोन. काम जोरदार करते, पण अंगात महिनोन्महिने मुरून राहते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजेच्या ५०० पट. सगळंच अंगात सुटत नाही, तरी थायरॉईड बिघडायला पुरेसं होतं. फुप्फुस आणि लिव्हरलाही त्रास होऊ शकतो, उन्हाने कातडी लवकर भाजते. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी, आणि नवा खोकला-दम लागला तर लगेच सांगणं. ही गोळी वॉरफरिन आणि डिगॉक्सिन दोन्हींचा जोर वाढवते. ती सुरू झाली की आयएनआर लवकर बघावा लागतो.

ताल सुधारणारं औषध म्हणजे चांगलंच, असं डॉक्टरांनाही एकेकाळी वाटत होतं. हार्ट अटॅकनंतर मधूनमधून पडणारे जादाचे ठोके थांबवायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं अमेरिकेत दिली जायची. ईसीजीची पट्टी सुंदर सरळ यायची. १९८९ मध्ये नीट तुलना करून बघितली तेव्हा कळलं की औषध घेणारे जास्त मरत होते. तेव्हापासून डॉक्टर सावध झाले. म्हणूनच तुम्ही "धडधडीला काहीतरी द्या" म्हणता आणि डॉक्टर तपासून "गरज नाही" म्हणतात, तेव्हा ते तुम्हाला टाळत नसतात.

काही तरुण बायांना अचानक बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, मिनिटाला दीडशे-दोनशे, आणि अचानक थांबते. हा वेगळा प्रकार आहे, विजेची एक जादा वायर जन्मतः असते. दवाखान्यात ॲडेनोसिनचं इंजेक्शन झपकन देतात, काही सेकंद जीव गेल्यासारखं वाटतं आणि ताल जागेवर येतो. त्या काही सेकंदांबद्दल आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई फार घाबरते, म्हणून इथे लिहिलं. हा प्रकार वारंवार होत असेल तर पायातून तार घालून ती जादा वायर जाळतात, आणि बहुतेकींची गोळी कायमची सुटते.

खर्च, गाडी, आणि गटाने काय करावं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तिथे थोडी फी लागू शकते. झडपेचं ऑपरेशन किंवा फुग्याने झडप उघडणं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ ला फोन करा.

गोळी स्वस्त असते, महाग पडतो तो आयएनआरचा फेरा. गाडीभाडं, एक दिवसाची रोजी, सोबतच्या माणसाची रोजी. सोयाबीनच्या काढणीत तर कुणाला सवड नसते आणि तपासणी बरोबर तेव्हाच चुकते. माझं म्हणणं असं की ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून या फेऱ्याला पैसे देता येतील का, हा विषय बैठकीत घ्यावा. एका गावात तीन-चार रुग्ण असतील तर तपासणीचा दिवस एकच ठरवून एका गाडीत जाता येईल.

नवरात्राचे उपवास असोत की रमजानचे रोजे, गोळी पोटात गेली पाहिजे. उपवासात पाण्यासोबत गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही असं मानणाऱ्या पुष्कळजणी आहेत. रोजा ठेवणाऱ्या बहिणींनी महिना लागायच्या आधीच डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्याव्यात. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका. मेडिकलवाल्याने पाकीट बदलून दिलं तर नाव आणि खालचा आकडा दोन्ही जुन्या पाकिटाशी जुळवा; ॲसेनोकुमारॉल १, २, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या येतात आणि चौपट गोळी गेली तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराला वाचायला सांगा.

धडधडीसोबत चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम न पुरणं, किंवा तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोबडं बोलणं यातलं काहीही झालं तर १०८. लकव्याच्या रुग्णाला तेल चोळत किंवा झाडपाल्याला नेत बसू नका. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ पहिल्या साडेचार तासांचीच असते, आणि त्यात तपासणीचा वेळही धरावा लागतो. गाडीत बसताना गोळ्यांची पिशवी, शेवटच्या आयएनआरचा कागद आणि जुना ईसीजी सोबत घ्या. शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ सोबत जाणाऱ्याने लक्षात ठेवायची, डॉक्टर तेच आधी विचारतील.